नादारचा स्टुडिओ : सही एकच, काम दोन तऱ्हांचं

नादारची सही असलेलं पोर्ट्रेट समोर आलं की फोटो कुणाचा आहे यापेक्षा तो कुठल्या पत्त्यावर काढला हे आधी पाहावं. गास्पार-फेलिक्स तूरनाशों ऊर्फ नादार (१८२०–१९१०) हा मूळचा व्यंगचित्रकार. १८५०च्या दशकाच्या मध्यापासून त्याचं फोटोग्राफीचं काम पॅरिसमध्ये ११३, रू सें-लाझार इथे चाले. १८६०मध्ये तो ३५, बुलेव्हार दे कापुसीनच्या मोठ्या जागेत गेला. आमचं मत स्पष्ट आहे : दर्जा पहिल्या पत्त्यावरचा.

त्या काळी पॅरिसच्याच दिस्देरी या फोटोग्राफरचं दुकान जोरात होतं. १८५४च्या त्याच्या पेटंटमुळे एकाच काचेवर (म्हणजे निगेटिव्हवर) अनेक पोझेस घेता येऊ लागल्या आणि व्हिझिटिंग कार्डाएवढे बारा फोटो, म्हणजे बारा कार्डं, २० फ्रँकला मिळू लागली. कार्ड साधारण १० × ६ सेंटिमीटरचं. त्यात माणूस नखशिखांत उभा, शेजारी खांब, मागे पडदा. डोकं जेमतेम सेंटिमीटरभर. अंगावरचा कोट ओळखू येतो, पण नजर नाही.

सें-लाझारला यातलं काहीच नव्हतं. साधी पार्श्वभूमी, गडद सैलसर कपडे, बाजूने आणि वरून येणारा उजेड, फ्रेम मांडीपर्यंत किंवा त्याहून वर. त्या काळी प्रिंट काचेवर कागद दाबून धरून काढत, म्हणून जेवढी काच तेवढंच चित्र. इथे ते साधारण २४ × १८ सेंटिमीटरचं असे. त्यामुळे डोळ्यांखालची सूज, ओठांची ओढ, न विंचरलेले केस, सगळं टिकतं. कवी बोदलेर, कादंबरीकार अलेक्झांद्र द्युमा, संगीतकार रॉसिनी ही मंडळी इथे जशी दिसतात, तशी दुसऱ्या कुणाच्या काचेवर दिसत नाहीत. आधी गप्पा मारून समोरच्याला मोकळं करायची नादारची पद्धत होती, आणि बसणाऱ्यांत त्याचे मित्र पुष्कळ. एका बाजूने उजेड घेतला की गालाचा अर्धा भाग सावलीत जातो. ही सावली भरून काढायची घाई तो करत नाही, आणि त्याचं खरं कसब तिथेच आहे.

पद्धत ओल्या कोलोडियनची. काचेवर कोलोडियन हा चिकट द्रव ओतायचा, अंधारात काही मिनिटं सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि लगेच डेव्हलप करायची. सगळं दहा-पंधरा मिनिटांत आटपावं लागे. काच सुकली की संवेदनक्षमता संपली. एक्स्पोजर काही सेकंदांचं, म्हणून मान हलली तर चेहरा पुसट आणि पापण्या मिटल्या तर डोळे धूसर. कोलोडियनला निळा उजेड जास्त दिसतो, तांबडा-पिवळा जवळजवळ नाही. त्यामुळे निळे डोळे फिकट येतात, लालसर कातडी आणि चट्टे काळवंडतात, पिवळा कपडा गडद होतो. प्रिंटमध्ये कुणाचा चेहरा प्रत्यक्षाहून खडबडीत वाटला तर निम्मा दोष या रसायनाचा समजावा.

विजेच्या उजेडातल्या त्याच्या प्रयोगांना श्रेय द्यायलाच हवं, पण त्यातली पोर्ट्रेट्स कमी गुणांची. पन्नास बुन्सेन सेलांची (त्या काळच्या विजेच्या घटांची) बॅटरी लावून कार्बनच्या टोकांमध्ये आर्क, म्हणजे विजेची प्रखर ज्योत, पेटवला की चेहरा खडूसारखा पांढरा आणि डोळ्यांच्या खोबणी काळ्याकुट्ट. दुसऱ्या बाजूने परावर्तित उजेड टाकल्यावर थोडी सुधारणा झाली. हाच उजेड पॅरिसच्या भुयारांत जास्त उपयोगी ठरला. तिथे एकेक एक्स्पोजर अठरा मिनिटांपर्यंत जाई.

कापुसीनला काचेचं दर्शनी अंग आणि त्यावर नादारची भलीमोठी सही होती. इथे मदतनीस वाढले, व्हिझिटिंग कार्डाच्या आकाराची मागणी पुरवावी लागली आणि बैठकांना ठराविक साचा आला. नटी सारा बर्नारचं सुमारे १८६४चं चित्र मात्र अपवाद. खांद्याभोवती नुसतं वस्त्र, दागिन्यांचा थाट नाही, आणि नजर कॅमेऱ्याच्या पलीकडे. ते पहिल्या पत्त्याच्या तोडीचं आहे.

प्रिंट विकत घेणाऱ्याने तीन गोष्टी तपासाव्यात. पहिली म्हणजे सही. धाकटा भाऊ आद्रियें 'धाकटा नादार' अशी सही करत असे. त्यावरून खटला झाला आणि १८५७मध्ये नाव फेलिक्सकडे राहिलं. त्याआधीच्या प्रिंटवर सही नीट वाचल्याशिवाय पैसे मोजू नयेत. दुसरी, कागद. सॉल्ट प्रिंटमध्ये चित्र कागदाच्या तंतूंत मुरलेलं असतं, तकाकी नसते, भिंगाखाली तंतू दिसतात. अल्ब्युमेन प्रिंटवर अंड्याच्या पांढऱ्याचा थर असतो. तो चकचकीत असतो, त्याला बारीक तडे जातात आणि उजळ भाग पिवळे पडतात. प्रसिद्ध चेहऱ्यांच्या जुन्या काचांवरून स्टुडिओनेच पुढे नव्याने प्रिंट काढल्या, तेव्हा चेहरा १८५५चा असला तरी कागद बराच नंतरचा असू शकतो. तिसरी, कडा. हायपो (चित्र पक्कं करायचं रसायन) नीट धुतला गेला नसेल तर गंधकामुळे चांदी खराब होते आणि चित्र बहुधा कडेकडून फिकट पडत जातं. अशी प्रिंट घ्यायची असेल तर मधला भाग, विशेषतः डोळे आणि सावलीतला गाल, अजून शाबूत आहे का ते पाहा. सावलीतला तपशील गेला असेल तर ती प्रिंट घेऊ नका.