टर्बो बसवलेल्या गाडीचे ऑइल कमी होते: आधी पॅकिंग बदलावे की रिंग?

टर्बोविना बनलेल्या पेट्रोल इंजिनाला मागाहून टर्बो बसवला आणि डिपस्टिकवरची पातळी उतरू लागली, की मालकापुढे दोन पर्याय ठेवले जातात: टॅपेट कव्हर आणि ऑइल चेंबरचे पॅकिंग बदलणे, किंवा इंजिन उतरवून पिस्टनच्या नव्या रिंग टाकणे. या दोन्हींच्या आधी ब्रीदर, म्हणजे चेंबरमधला वायू बाहेर काढणारा मार्ग, तपासला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

रिंगांमधून थोडा वायू नेहमीच चेंबरमध्ये उतरतो. मूळ रचनेत इनटेक मॅनिफोल्डची (सिलिंडरांना हवा पुरवणाऱ्या नळ्यांची) ओढ तो पीसीव्ही व्हॉल्व्हमधून, म्हणजे ब्रीदरच्या एकाच दिशेने वाट देणाऱ्या व्हॉल्व्हमधून, शोषून घेते. टर्बो काम करू लागला की मात्र त्याच मॅनिफोल्डमध्ये ओढीऐवजी दाब तयार होतो, आणि व्हॉल्व्ह घट्ट मिटत नसेल तर तो दाब उलटा चेंबरमध्ये शिरून ऑइलला कव्हरच्या कडेने, क्रँकच्या सीलमधून, कधी डिपस्टिकच्या नळीतूनही बाहेर ढकलतो. अशा इंजिनावर कितीही चांगले पॅकिंग लावले तरी ते पुन्हा पाझरते. उभ्या गाडीत हा दोष दिसत नाही, कारण आयडलिंगला मॅनिफोल्डमध्ये ओढच असते. म्हणून डिपस्टिकच्या नळीला कमी दाबाचा गेज जोडून, टर्बो काम करत असताना रस्त्यावरच मोजणी करावी. टर्बोतून चेंबरकडे परतणारे ऑइलही याच दाबाने अडते आणि टर्बोच्या सीलमधून निसटून धूर करते, तेव्हा निळा धूर दिसला म्हणजे रिंग गेल्याच, असे समजू नये.

ब्रीदर ठीक असूनही ऑइल कमी होत असेल, तर ते गळते की जळते हे ठरवावे. गळतीसाठी इंजिन धुऊन ऑइलमध्ये यूव्ही डाय (यूव्ही उजेडात चमकणारा रंग) मिसळावा, गाडी काही दिवस चालवावी आणि यूव्ही टॉर्चच्या उजेडात सर्वांत वरची ओली जागा शोधावी. टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून ओघळलेले ऑइल गिअरबॉक्सच्या सांध्यापर्यंत उतरते आणि दोष क्रँकच्या मागच्या सीलवर जातो. त्या सीलसाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो, कव्हरसाठी काही बोल्ट पुरतात.

जळण्याची खूण घाटात चांगली कळते. खंडाळ्याचा उतार गिअरमध्ये उतरून आल्यावर ॲक्सिलरेटर दाबताच निळा झोत निघाला, तर संशय व्हॉल्व्ह सीलवर घ्यावा. चढावर सतत धूर राहिला तर रिंगवर. सिलिंडरमधला दाब मोजणारी कॉम्प्रेशन टेस्ट स्वस्त आणि झटपट होते, आणि सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून आकडा वाढला तर रिंग झिजल्याचे कळते. सिलिंडरमध्ये दाबाची हवा भरून ती कुठून निसटते हे पाहणाऱ्या लीक-डाउन टेस्टला कॉम्प्रेसर आणि वेळ लागतो, पण हवा चेंबरकडे जाते, इनटेककडे की सायलेन्सरकडे, हे ती कानाला सांगते. बदल केलेल्या इंजिनासाठी मी हीच निवडेन. तरीही ऑइल रिंग कार्बनने चिकटली असेल तर दोन्ही चाचण्यांचे आकडे चांगले येऊ शकतात, म्हणून प्रत्येक सिलिंडरचा प्लग काढून तो ऑइलने माखला आहे का, हे पाहावे.

पॅकिंगचाच दोष निघाला, तर टॅपेट कव्हरसाठी साच्यातले रबरी पॅकिंग घ्यावे. कॉर्क स्वस्त असतो, पण उष्णतेने सुकून आकसतो आणि बोल्ट जादा आवळले तर फाटतो. बोल्ट टॉर्क रेंचनेच, कंपनीच्या पुस्तिकेतल्या आकड्यावर आवळावेत. सिलिकॉन जिथे कंपनीने वापरले आहे तिथेच, बारीक रेघेत लावावे. जाड थर दिला तर त्याचे आतले तुकडे सुटून पंपाच्या जाळीत अडकतात आणि इंजिनाला ऑइल पोहोचत नाही. हेड गॅस्केटमध्ये (हेड आणि ब्लॉक यांच्या मधल्या पॅकिंगमध्ये) अनेक थरांचे पोलादी गॅस्केट टर्बोचा दाब अधिक चांगला पेलते, पण हेड आणि ब्लॉक दोन्ही सपाट व गुळगुळीत असावे लागतात. मशीनिंग परवडत नसेल तर कंपोझिट गॅस्केट बरे.

रिंगचा खर्च तेव्हाच करावा, जेव्हा ब्रीदर दुरुस्त केल्यावरही चेंबरचा दाब चढाच राहतो, लीक-डाउनमध्ये हवा ऑइलच्या झाकणातून फुसफुसते आणि पुढच्या 1000 किलोमीटरमध्ये टॉप-अपचे प्रमाण कमी होत नाही.