पिवळी कवडी की सोनेरी कड्याची कवडी?

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात कवड्या विकायला दिसल्या की थांबून नीट बघा. एकाच ढिगात दोन वेगळ्या जाती असू शकतात.

मोनेटारिया मोनेटा ही आपली नेहमीची पिवळी कवडी: दोन-अडीच सेंटिमीटरची, कोनदार, कडेला गाठी आलेली. मोनेटारिया ॲन्युलस गुळगुळीत, लांबट गोल असते. तिच्या करड्या-निळसर पाठीवर बारीक सोनेरी कडं उमटलेलं असतं. पाठ झिजली की दोन्हींत जांभळट थर उघडा पडतो आणि हे कडंही पुसट होतं. मग गाठी चाचपून बघाव्यात, बोटाला फरक लगेच कळतो.

दोघींची चकाकी मात्र एकाच कारणाने येते. जिवंत गोगलगाय आपल्या मऊ पडद्याने शिंपला बाहेरूनही झाकून घेते, त्यामुळे तो घासला जात नाही.

पैसा म्हणून पिवळीचा मान मोठा. मालदीवची छोटी कवडी वजनाला हलकी, म्हणून बंगालपासून पश्चिम आफ्रिकेपर्यंत चालली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून युरोपीय व्यापाऱ्यांनी झांझिबारकडच्या कड्याच्या कवड्या जहाजं भरभरून पश्चिम आफ्रिकेत ओतल्या आणि तिथलं चलन पार घसरलं.

देखणेपणात मला कड्याची कवडी सरस वाटते. पण भवानीच्या माळेसाठी किंवा सारीपाटासाठी पिवळीच घ्या. घासून चकचकीत केलेली नको, आणि खडकाला चिकटलेली जिवंत तर मुळीच उचलू नका.