पिवळ्या कव्हरचं सारांशलेखन वर्कबुक: पद्धत झकास, उत्तरसूची भंगार

यूपीएससी मेन्सचा मराठीचा पेपर ३०० मार्कांचा, पास व्हायला ७५ लागतात आणि ते मेरिटमध्ये धरत नाहीत म्हणून कोणी सिरीयसली घेत नाही, पण ७५ पडले नाहीत तर जीएस (सामान्य अध्ययन) आणि ऑप्शनल (आपण निवडलेला विषय) यांचे मार्क धरतच नाहीत. त्यात सारांशाला ६० आणि उताऱ्यावरच्या प्रश्नांना ६०, म्हणजे १२० मार्क नुसते वाचून मुद्दा पकडायचे. मी इंग्लिश मीडियमवाला, घरी मराठी धडाधड बोलतो पण लिहायचं म्हटलं की बोंब. म्हणून अप्पा बळवंत चौकातून हे वर्कबुक उचललं, छापील किंमत २४०, दुकानदाराने न मागताच २०० ला दिलं (तेव्हाच डोक्यात यायला हवं होतं).

आधी चांगलं सांगतो. प्रत्येक उताऱ्याशेजारी रुंद कोरी पट्टी आहे. तिथे परिच्छेदात काय लिहिलंय ते नाही लिहायचं, तो परिच्छेद तिथे कशाला आलाय ते लिहायचं, दोन-तीन शब्दांत. 'ओळख', 'कारण', 'उदाहरण', 'आधीचं खोडतोय' असं. बास एवढंच. मी आधी हायलायटर घेऊन बसायचो आणि पान संपेपर्यंत पूर्ण पिवळं व्हायचं, सगळंच महत्त्वाचं वाटायचं ना.

लोणारचा उतारा घ्या, ३६० शब्द, सारांश १२० मध्ये. पहिल्या परिच्छेदात बेसॉल्टमध्ये उल्का आदळून झालेलं विवर, व्यास साधारण १.८ किलोमीटर. दुसऱ्यात लोणासुराची गोष्ट, दैत्यसूदन मंदिर. तिसऱ्यात जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं ते, पाऊस नाही, ऊन कडक, पाणी आटलं, खारटपणा वाढला, मग खाऱ्या पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव वाढले आणि रंग त्यांचा, हे पुण्याच्या आघारकर संस्थेने नमुने तपासून सांगितलं. चौथ्यात त्याच वर्षी रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, नाव आलं आणि आता पाण्याचं गणित सांभाळायला हवं वगैरे. माझा पहिला सारांश १७० शब्दांचा झाला, व्यासही घेतला, देवळंही घेतली, लोणासूरसुद्धा. मग पट्टी भरली. दुसऱ्यासमोर मी 'इकडचं तिकडचं' लिहिलं आणि तो अख्खा उडवला, पहिला एका वाक्यात बसला, जीव सगळा तिसऱ्यात निघाला. ११२ शब्द. आई अर्ध्या तासाचा सीरियलचा एपिसोड बाबांना दोन वाक्यांत सांगते ती हेच करत असते, फक्त तिला पट्टी लागत नाही.

आता उत्तरसूची. लोणारची मध्यवर्ती कल्पना काय दिलीये माहितीये? 'लोणार हे उल्कापाताने तयार झालेले सरोवर आहे.' अरे हा विषय झाला, लेखक त्याबद्दल म्हणतोय काय ते कुठंय? मला वाटलं एखादी चूक असेल, म्हणून पहिले दहा उतारे तपासले, सातमध्ये उताऱ्याचं पहिलं वाक्य जसंच्या तसं उचललेलं. नमुना सारांशही असेच, मूळ वाक्यं कापून चिकटवलेली, आणि पेपरात तर स्वतःच्या शब्दांत लिहा असं स्पष्ट असतं.

सगळ्यात डोकं फिरलं ते ठिबकच्या उताऱ्याला. त्यात लिहिलंय की ठिबकने पाणी वाचतं, पण वाचलेल्या पाण्यावर शेतकरी आणखी ऊस लावतो, त्यामुळे विहिरीची पातळी काही वर येत नाही. नमुना सारांशात 'पण'च्या पुढचं सगळं गायब! म्हणजे लेखक एक बोलतोय आणि सारांश ठिबकची जाहिरात करतोय. माझ्या पट्टीत तिथे 'आधीचं खोडतोय' लिहिलेलं होतं, त्यांचीच पद्धत, पण सूची करणाऱ्याने ती वाचलीच नसावी बहुतेक.

कागद पातळ आहे, जेल पेनची शाई मागे उतरते.

पाचपैकी साडेतीन, आणि ते फक्त पट्टीसाठी. घेतलंत तर मागची उत्तरसूचीची १८ पानं स्टेपल करून टाका आणि उत्तरं कोणा मराठीच्या सरांना नाहीतर घरातल्या वाचणाऱ्या माणसाला दाखवा, मी आत्याला दाखवतो, ती लाल पेनने निर्दयपणे खोडते. आणि पेन्सिलने सोडवा. मी पेनाने सोडवलं, आता अर्ध्या किमतीलाही कोणी घेत नाहीये.