'इन'नंतर तिरकी रेघ नव्हती, हायफन होता

मोबाइलवर चलानचा मेसेज आला. गाडीचा नंबर बरोबर, दंड 500 रुपये, ठिकाण ठाण्यातलं माजिवडा. घोडबंदर रोडवरून रोज जाणाऱ्या कुणालाही हे चलान खरंच वाटलं असतं. लिंकमध्ये 'ईचलान डॉट परिवहन डॉट जीओव्ही डॉट इन' असं स्वच्छ दिसत होतं. पण 'इन'नंतर तिरकी रेघ नव्हती, हायफन होता. 'पे डॉट ऑनलाइन' हा तुकडा मोबाइलवर खालच्या ओळीत गेला होता. तो हायफन तेव्हा दिसायला हवा होता!

पहिली एकेरी तिरकी रेघ शोधा आणि तिथून डावीकडे वाचत या. रेघेला चिकटून जे असतं तोच खरा मालक. इथे तो 'इन-पे डॉट ऑनलाइन' होता. त्याच्या आधी कुणीही काहीही जोडू शकतो, सरकारचं नावसुद्धा. कुलपाच्या चिन्हावर जाऊ नका, ते चोरालाही फुकट मिळतं. ईमेलमध्ये तर निळ्या अक्षरांत एक पत्ता आणि आत दुसराच असतो. बोट दाबून धरलं की आतला दिसतो.

500 रुपयांचा दंड भरायला गेलो, पण ओटीपीच्या मेसेजात 48,750 रुपये लिहिले होते. कीबोर्डवर सहा आकडे आपोआप आले, तेवढेच दाबले गेले. आधी रक्कम वाचा, मग आकडे!

8:47 ला बँकेला फोन लावला. 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' ऐकत 31 मिनिटं. तेवढ्यात परदेशी साइटवर आणखी 17,299 गेले, तेही ओटीपीशिवाय, कारण कार्डाचा आंतरराष्ट्रीय वापर चालू होता. तो आजच ॲपमधून बंद करा, आणि कार्ड ब्लॉकही तिथूनच करा, फोनची वाट बघू नका. एकूण 66,049. बँक म्हणते, तक्रार 9:18 ची, ओटीपी तुम्हीच दिलात. म्हणजे आम्ही लाइनवर ताटकळलो तो वेळही आमच्याच माथी? रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकात ग्राहकाची चूक सिद्ध करायची जबाबदारी बँकेवर टाकली आहे, हे सांगितल्यावर 'मेल करा'. पोलीस ठाणं म्हणालं सायबरकडे जा, सायबरवाले म्हणाले 1930 या सायबर हेल्पलाइनवर नोंद आहे ना, मग थांबा.

1930 लगेच लावा, कॉल लॉगचा स्क्रीनशॉट ठेवा. सरकारी एसएमएस दहा आकडी नंबरवरून येत नाही, पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी इंग्रजी 'जी' असतो. चलान बघायचं तर पत्ता स्वतः टाइप करा.

सायबर तक्रारीच्या पोर्टलवर तक्रार अजून 'प्रक्रियेत' आहे. कार्डाच्या बिलावर व्याज मात्र लागलं.