बिलात चार नवे ग्लो प्लग, इंजिनात जुनेच

दिवाळी सरली की नाशिकमधून हिवाळी सहलीला हिमाचलमधल्या स्पितीला, लडाखला जाणाऱ्यांची जुळवाजुळव सुरू होते. गेल्या पंधरवड्यात तिघांनी मला विचारलं, "काका, तुम्ही जाऊन आलात ना, गाडी कुठून तयार करून घेतली?" तिघांनाही फोनवर अर्धंमुर्धं सांगून झालं. आता सगळं एकदाच लिहून काढतो. ज्या थंडीसाठी आपण हजारो रुपये मोजतो ती थंडी नाशिकात पडतच नाही, त्यामुळे काम झालं की नाही हे इथे कळतच नाही. माझी फसवणूक नेमकी याच जागी झाली.

माझी गाडी मित्सुबिशी पजेरो, २००६ ची. जपानहून सुटे भाग यायचे आणि हिंदुस्थान मोटर्स तमिळनाडूत तिरुवल्लूरला ती जुळवायची. फोर-एम-फोर्टी हे २८३५ सीसीचं चार सिलिंडरचं टर्बो डिझेल इंजिन. पंधरा वर्षं झाल्यावर फिटनेस करून, ग्रीन टॅक्स भरून आरसी पाच वर्षांसाठी वाढवून घेतली. ही गाडी बाजारातून जाऊन बरीच वर्षं झाली. सुटे भाग शोधावे लागतात. कुणी मुंबईच्या कुर्ल्यातून आणतं, कुणी दिल्लीच्या काश्मिरी गेटमधून. मालकाला खरा भाग कसा दिसतो हेच माहीत नसतं, आणि फसवणाऱ्याला तेवढी फट पुरते.

ज्या गॅरेजबद्दल सांगतोय तिथे मी सहा वर्षं जात होतो. मालक वयाने माझ्या मुलाएवढा. ब्रेक, क्लच, सस्पेन्शन ही कामं त्याने नीट केली होती, म्हणूनच विश्वास बसला. डिसेंबर २०२४ मध्ये मी त्याला म्हटलं, "फेब्रुवारीत स्पितीतल्या काझ्याला जायचंय. उणे पंधरा-वीस असतं तिथे. गाडी त्या हिशोबाने तयार कर." तो म्हणाला, "काका, तुम्ही फक्त गाडी सोडा."

त्याने कामाची यादी दिली: चार जपानी ग्लो प्लग (थंडीत डिझेल इंजिन सुरू व्हावं म्हणून आत तापणाऱ्या कांड्या), डिझेल फवारणाऱ्या चार इंजेक्टरचे नोझल बदलणे, कॉन्सन्ट्रेट म्हणजे पाणी न मिसळलेलं कूलंट, थंडीतही वाहतं राहणारं ५डब्ल्यू-४० सिंथेटिक ऑइल, डिझेल फिल्टर आणि थंडीत डिझेल गोठू नये म्हणून 'जपानी औषधाच्या' दोन बाटल्या. एकूण ६४,५०० रुपये. पक्कं बिल मागितलं तर म्हणाला, "काका, पार्ट्सवर २८ टक्के जीएसटी लागेल, उगाच कशाला?" तेव्हा सुट्या भागांचा दर तेवढाच होता. मी कच्च्या बिलावर तयार झालो. पैसे यूपीआयने दिले, तेही गॅरेजच्या नव्हे, त्याच्या घरच्या माणसाच्या खात्यावर. हे दोन्ही मी करायला नको होतं.

गाडी घ्यायला गेलो तेव्हा त्याने प्लगचे चार रिकामे खोके दाखवले. 'तुमचे जुने पार्ट्स' म्हणून एक पिशवीही दिली, त्यात काळवंडलेले चार प्लग. जुना भाग परत देणारा मेकॅनिक प्रामाणिक असतो असं आपण मानतो. मीही तसंच मानलं आणि पिशवी गाडीच्या मागच्या कप्प्यात टाकली.

ग्लो प्लगचं महत्त्व थोडं सांगायला हवं. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबली की तापते आणि त्या उष्णतेने डिझेल पेटतं. माझ्या इंजिनात डिझेल थेट सिलिंडरमध्ये न पडता बाजूच्या छोट्या कक्षात पडतं. थंडीत त्या कक्षाच्या भिंतीच उष्णता ओढून घेतात, म्हणून प्लगने आधी कक्ष तापवावा लागतो. नाशिकच्या दहा-बारा अंशांत चारपैकी एक-दोन प्लग चालू असले तरी गाडी कुरकुर करत सुरू होते. उणे पंधराला ते जमत नाही.

इशारा मिळाला होता. काम झाल्यावर आठवड्याने पहाटे निफाडला एका लग्नाला निघालो. थंडी पाच-सहा अंशांची. गाडी दोनदा चावी मारल्यावर सुरू झाली, मिनिटभर थरथरली आणि मागे पांढऱ्या धुराचा लोट. त्याला फोन केला. "टर्बो डिझेल आहे काका, गार असताना धूर देणारच." सकाळी पांढरा धूर आणि थरथर, मग गरम झाल्यावर सगळं ठीक, हे प्लग मेल्याचं पहिलं लक्षण आहे. मी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात तीस वर्षं इलेक्ट्रिकल विभागात काढली, मल्टिमीटर घरात होता. तरी मी त्याच्या शब्दावर राहिलो. याची खंत आजही आहे.

फेब्रुवारीत मी, मेहुणा आणि दोन मित्र निघालो. दहा वर्षांवरची डिझेल गाडी तेव्हा दिल्ली परिसरात चालत नव्हती, म्हणून जयपूरवरून सीकर, हिसार असं वळून चंदीगड गाठलं. हिवाळ्यात मनालीकडून कुंझुम खिंडीचा रस्ता बंद असतो. शिमला, रामपूर, रेकाँग पिओ, नाको, ताबो असाच काझ्याला जाता येतं. पिओला उणे तीनला गाडी चौथ्या प्रयत्नात सुरू झाली. मेहुणा म्हणाला, "दाजी, परत फिरू." मी ऐकलं नाही.

काझ्यात सकाळी सातला उणे १७ होतं. चावी फिरवली तर इंजिन कसंबसं अर्धा फेरा फिरलं, आणि बेल्ट किंचाळून रबर जळाल्याचा वास आला. दुसऱ्यांदा चावी मारणार तेवढ्यात होमस्टेच्या मालकाने हात धरला आणि गावातल्या मिस्त्रीला बोलावलं. त्याने आधी कूलंटच्या टाकीचं झाकण उघडलं. आत बर्फाचा लगदा. पाण्याचा पंप गोठून अडकला होता, म्हणून बेल्ट घासत होता. इंजिनाच्या ब्लॉकच्या बाजूची एक कोअर प्लेट, म्हणजे तिथलं भोक बंद करणारी धातूची चकती, अर्धी बाहेर ढकलली गेली होती. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं. ती प्लेट निघाली नसती तर ब्लॉकच तडकला असता आणि ती गाडी तिथेच संपली असती.

पुढे त्याने जे केलं ते प्रत्येकाला येण्यासारखं आहे. ग्लो प्लगना जोडणारी पट्टी काढली, बॅटरीच्या प्लसला एक साधा बल्ब लावला आणि त्याचं दुसरं टोक एकेका प्लगच्या डोक्याला टेकवलं. ज्या प्लगची आतली तार शाबूत असते तिथे बल्ब पेटतो. चारपैकी एकावर पेटला. त्याने एक प्लग काढून माझ्या हातात दिला. "अंकलजी, ये नया नहीं है." आटे कार्बनने काळे, टोक खडबडीत, पण वरचं षटकोनी डोकं वायर ब्रशने घासून चकचकीत केलेलं. मग मला ती पिशवी आठवली. त्यातला 'जुना' प्लग शेजारी धरला तर बोटाच्या पेराएवढा आखूड निघाला. तो माझ्या इंजिनाचा नव्हताच. कुठल्यातरी दुसऱ्या गाडीचे जुने प्लग मला 'तुमचे' म्हणून दिले होते आणि माझे जुनेच आत ठेवले होते. खोके कुणाचे होते देव जाणे.

इंजेक्टरच्या नटांवर जुन्या तेलाची आणि धुळीची खपली तशीच होती, पाना लागल्याची खूण नाही. डिझेल फिल्टर मात्र खरोखर नवा होता. तेवढं काम त्याने केलं होतं, म्हणून ते इथे नोंदवतो.

चार दिवस काझ्यात राहिलो. मिस्त्रीने दुसऱ्या गाडीसाठी ठेवलेले प्लग जुळवून बसवले, नवी कोअर प्लेट ठोकली, कूलंट बदललं. जवळच्या किब्बर गावात हिमबिबट्या बघायचं राहून गेलं. जुन्या कूलंटची एक बाटली मी भरून आणली. चंदीगडला कूलंट तपासायच्या साध्या रिफ्रॅक्टोमीटरवर थेंब टाकला तर गोठणबिंदू उणे सहा. निम्मं ग्लायकॉल (कूलंटला गोठू न देणारा मूळ द्रव) आणि निम्मं पाणी असतं तर तो उणे ३५ च्या आसपास आला असता. बिलात पाच लिटर कॉन्सन्ट्रेट होतं. गाडीत हिरव्या रंगाचं जवळजवळ पाणीच होतं. कूलंटचा रंग काहीच सिद्ध करत नाही, रंग कुणीही घालतं.

त्या 'औषधाच्या' बाटल्यांना रॉकेलचा वास होता. इथे एक गोष्ट स्वतंत्रपणे समजून घ्या. आपल्याकडच्या पंपावरचं डिझेल कडाक्याच्या थंडीसाठी नसतं. त्यातलं मेण घट्ट होऊन फिल्टर तुंबतो. लडाखसाठी इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये उणे ३३ पर्यंत वाहतं राहणारं खास हिवाळी डिझेल आणलं, ते उगाच नाही. अस्सल ॲडिटिव्हही मेण जमायच्या आधी मिसळलं तरच उपयोगी पडतं. वर जाताना टाकी रिकामी करत जा आणि शक्य तितकं डिझेल वरच्या पंपांवर भरा.

नाशिकला आल्यावर त्याच्याकडे गेलो. आवाज चढवला नाही. प्लग आणि पिशवी समोर ठेवली. तो म्हणाला, "काका, तिकडची थंडीच तशी. गाडी अठरा वर्षांची, आम्ही तरी काय करणार?" प्लगच्या लांबीबद्दल विचारलं तर "पोराने पिशवी चुकून बदलली असेल." इंजेक्टरच्या नटांबद्दल विचारलं तेव्हा गप्प बसला. शेवटी दहा हजार घ्या आणि विषय संपवा म्हणाला. मी घेतले नाहीत.

आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. त्यातून काही निघालं नाही. मग नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइनही, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. अडचण आहे ती कच्च्या बिलाची. त्यावर ना गॅरेजचं नाव ना सही. माझ्या बाजूला फक्त यूपीआयची नोंद, व्हॉट्सॲपवर त्याने पाठवलेली कामाची यादी, काझ्यातल्या मिस्त्रीने काढलेले फोटो आणि ती पिशवी. पक्क्या बिलाला कराचे पैसे जास्त गेले असते, तर आज हे सगळं जोडत बसावं लागलं नसतं.

आता कुणी विचारलं तर मी एकच गोष्ट आधी सांगतो. गॅरेजमधून गाडी आणल्यावर घरी दोन छोट्या प्लॅस्टिकच्या बाटल्या घ्या. एकीत डिपस्टिकच्या नळीतून सिरिंजने ओढलेलं थोडं इंजिन ऑइल, दुसरीत रेडिएटरमधलं कूलंट. दोन्ही रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. घरचा फ्रीझर साधारण उणे १८ ला चालतो, म्हणजे काझ्याची रात्रच. निम्मं-निम्मं कूलंट सकाळी पातळच राहतं, पाणीदार असेल तर बर्फाचा लगदा किंवा दगड होतो. ५डब्ल्यू-४० ऑइल बाटली कलंडली की सावकाश पण वाहतं. १५डब्ल्यू आणि २०डब्ल्यू त्यापेक्षा खूपच जड होतं. माझं काढलेलं ऑइल काकवीसारखं बाटलीला चिकटून बसलं. बाटल्यांवर मोठ्या अक्षरांत 'विष' लिहा. कूलंटची चव गोड असते आणि ते पोटात गेलं तर जीव जातो, मुलांचाही आणि कुत्र्यांचाही.

प्लगसाठी बल्ब किंवा मल्टिमीटर. पट्टी काढून एकेक मोजायचा. चांगला प्लग एक ओहमच्या आसपास दाखवतो, मेलेला काहीच दाखवत नाही. पट्टी न काढता मोजलं तर चारही जोडलेले असल्याने एक चांगला प्लग बाकीच्या तिघांचं मरण झाकतो. काम आपल्या डोळ्यांसमोर करून घ्या. जुना भाग निघतो तेव्हाच त्यावर मार्करने खूण करा, पिशवीत बांधून मिळण्याची वाट पाहू नका.

त्या तिघांपैकी एकाची गाडी काल तयार होऊन आली. तोही माझ्याच जुन्या गॅरेजवाल्याकडे गेला होता, माझा फोन होण्याआधीच पैसे देऊन बसला होता. संध्याकाळी तो दोन बाटल्या घेऊन आमच्याकडे आला, कारण त्याच्या फ्रीझरमध्ये जागा नव्हती. सौभाग्यवतींनी मटारच्या पिशव्या बाजूला सरकवून त्यांना जागा करून दिली. सकाळी सहाला तो येणार आहे.