वाडा राखायचा का बिल्डरला द्यायचा? आमचं डक्टवरून ठरलं

पुण्यात पेठेत वडिलोपार्जित वाडा आहे आणि घरात रोज रात्री जेवताना हाच विषय निघतो, अशांसाठी लिहितोय. एफएसआय (जागेवर किती बांधता येतं), टीडीआर (बांधकामाचा हक्क दुसरीकडे विकायची सोय), कोणाला किती स्क्वेअर फूट हे तुम्हाला एव्हाना पाठ झालं असेल.

वाडा शनिवारवाड्यापासून १०० मीटरच्या आत असेल तर २०१० च्या केंद्राच्या कायद्याने नवीन बांधकाम बंदच आहे, परवानगी काढून दुरुस्ती तेवढी होते, त्यामुळे तुमचा प्रश्न आपोआप सुटला (किंवा अडकला म्हणा). आमचा वाडा लांब आहे. आणि विश्रामबागवाड्यासारखा १८०७ चा कोरीव सागवानी दर्शनी भाग वगैरे काही नाही, साधा दोन मजली, एक चौक, हेरिटेजच्या यादीत नाव नाही. म्हणजे पाडला असता तरी पेपरात बातमी आली नसती.

पैशाचं बघाल तर बिल्डर सरळ जिंकतो. खिशातून काही जात नाही, वर बांधकाम होईपर्यंत भाडं मिळतं. दुरुस्तीला सगळं आपलं, आणि आम्ही गेलो त्या बँकेने तर मातीच्या भिंती ऐकूनच विषय बदलला. दहा-बारा भाडेकरू आणि वीस वारस असतील तर मी म्हणेन देऊन टाका, उगाच भावनेत अडकू नका. आमच्याकडे दोघे भाऊ, एक आत्या आणि भाडेकरू दोनच, त्यातलं एक बिऱ्हाड १९६१ च्या पानशेतच्या पुरात घर गेल्यावर आलेलं, ते घरचेच झालेत.

खरं सांगायचं तर मीसुद्धा बिल्डरच्याच बाजूने होतो. पण एका पावसाळ्यात मागची कौलं बसली म्हणून आठ महिने मागच्याच गल्लीत, वाडा पाडून झालेल्या बिल्डिंगमधे चौथ्या मजल्यावर भाड्याने राहिलो. लिफ्ट छान, फरशी छान, पाणी चोवीस तास. फक्त स्वयंपाकघर आणि मधली खोली डक्टवर, म्हणजे बिल्डिंगच्या मधोमध हवेसाठी सोडलेल्या अरुंद पोकळीवर उघडायची. सकाळी अकराला ट्यूब लावून भाजी चिरायची, दुसऱ्या मजल्यावर कोणी मिरचीची फोडणी घातली की आम्ही खोकायचो, आणि जाळी बसवली तर कबुतरं जाळीच्या आत राहिली, तिथेच अंडी, तिथेच पिल्लं, तो वास मी अजून विसरलो नाहीये. आईने एकदा दुपारी चार वाजता देवापुढे दिवा लावला, तिला वाटलं तिन्हीसांजा झाल्या. त्याच आठवड्यात बिल्डरचा नकाशा आला. आमचा चौक होता बरोब्बर त्या जागी डक्ट, चार बाय सहा फूट. तिथेच माझं मन फिरलं.

आता वाड्याची बाजू गोड गोड सांगत नाही. वाळवी लागतेच. शेजारचा वाडा पाडला तेव्हा सामायिक भिंत उघडी पडली आणि दोन पावसाळे प्लास्टिक बांधून काढले. पहिल्या मिस्त्रीने जुन्या विटांवर सिमेंटचा गिलावा मारला, आत ओल कोंडली आणि वर्षभरात पापुद्रे सुटले, मग चुन्याचं काम येणारा माणूस शोधला, तो आधी चुना भिजत घालून कितीतरी दिवस येईचना, आला तर चुन्यात घालायला गूळ आणि मेथी मागायला लागला, वहिनीला वाटलं लाडू करतोय. गाडी रस्त्यावरच लागते. आत्याला जिना चढवत नाही म्हणून ती खाली ओसरीलगतच्या खोलीत आलीये. मोबाईलला रेंज चौकातच.

प्रत्येकाचं वेगळं असतं, माझ्यावर जाऊ नका. पण सह्या करायच्या आधी त्याच बिल्डरची पेठेतलीच एखादी जुनी बिल्डिंग भर दुपारी बघून या, आणि मधल्या खोलीतला दिवा बंद करायला सांगा. आमच्या आईने सध्या चौकात कुरडया घातल्यात, त्या राखायला मला बसवलंय, तिथूनच टाइप करतोय.