एमा हार्टचे दुकान आणि तिचे वाचक

बार्बरा टेलर ब्रॅडफर्ड यांची 'अ वुमन ऑफ सब्स्टन्स' ही कादंबरी १९७९ साली प्रसिद्ध झाली आणि आजवर तिच्या तीन कोटींहून अधिक प्रती खपल्याचे सांगितले जाते. यॉर्कशरमधल्या एका गरीब कामगाराची मुलगी जमीनदाराच्या घरी मोलकरीण म्हणून राबते, फसवली जाते, घर सोडून लीड्सला येते, तिथे एक छोटे दुकान थाटते आणि पुढे लंडनच्या नाइट्सब्रिजमधल्या भव्य डिपार्टमेंट स्टोअरची मालकीण होते, अशी ही एमा हार्टची कथा आहे. इतक्या खपाच्या पुस्तकाबद्दल वाचकांचे बऱ्यापैकी एकमत असेल अशी आपली समजूत होते. प्रत्यक्षात मात्र दोन तट पडलेले दिसतात. ऐन तारुण्यात हे पुस्तक वाचून भारावून गेलेल्या वाचकांना एमा आजही घरच्या माणसासारखी जवळची वाटते, तर अलीकडे प्रथमच वाचणाऱ्या अनेकांना तीच एमा अतिपरिपूर्ण, कठोर आणि काहीशी अविश्वसनीय वाटते. दोन्ही बाजूंचे म्हणणे नीट ऐकले तर लक्षात येते, की कौतुक करणारे ज्या पानांविषयी बोलतात आणि तक्रार करणारे ज्या पानांविषयी बोलतात, ती पानेच बहुतेक वेळा वेगळी असतात. एमा दुकानात उभी असते तोवर कादंबरी भक्कम असते आणि ती दुकानातून उठून कचेरीत जाऊन बसली की कादंबरीची पकड सैल होत जाते, असे माझे मत आहे, आणि वाचकांच्या बहुतेक प्रतिक्रियांचा उलगडा मला त्यातूनच होतो.

आठशेहून अधिक पानांच्या या पुस्तकाची रचना पाहिली तरी हे कळते. कथेचा आरंभ १९६८ मध्ये होतो; पंच्याहत्तरी ओलांडलेली एमा स्वतःच्या विमानातून नात पॉला हिच्यासह न्यूयॉर्कला निघाली आहे आणि आपलीच मुले आपल्या पाठीमागे साम्राज्याचे तुकडे पाडण्याचा घाट घालत आहेत, हे तिला लवकरच आपल्या सेक्रेटरीकडून समजते. तिथून कथा १९०४ मध्ये जाते. त्यानंतर १९०४-१९०५ या जेमतेम दोन वर्षांना एक पूर्ण आणि चांगलाच ऐसपैस भाग मिळतो, १९०५ ते १९१० या काळाला दुसरा, १९१४ ते १९१७ या युद्धकाळाला तिसरा, आणि १९१८ ते १९५० ही तब्बल बत्तीस वर्षे मात्र एकाच भागात उरकली जातात. उत्तरार्धात माणसे भराभर जन्मतात, लग्ने करतात आणि मरतात, अशी जी तक्रार वारंवार ऐकू येते, तिचे मूळ या वाटणीत आहे. लेखिकेने आपला जीव कुठे ओतला, हे त्या तारखाच सांगतात.

पूर्वार्धाची श्रीमंती दोन ठिकाणी आहे. जमीनदाराच्या वाड्यातले, म्हणजे फेअरली हॉलमधले दिवस हे त्यातले पहिले. नोकरांचे तळघर, खाष्ट बटलर, दारूच्या आहारी गेलेली मालकीण, क्षयाने खंगत चाललेली एमाची आई हे सगळे सावकाश, तपशिलात येते. काही वाचकांना हा भाग रेंगाळलेला वाटतो, पण तो कापला असता तर पुढची दुकानदार एमा कोठून आली हे कळलेच नसते. उंची कापड हाताला कसे लागते, बड्या घरच्या बायका कशाला भुलतात आणि कशाला नाक मुरडतात, एका घराचा कारभार शिस्तीत बसवायला काय काय लागते, हे सारे ती त्या घरात मान खाली घालून काम करताना टिपत असते. तिचे धंद्याचे शिक्षण तिथेच होते, आणि त्याचा पगार तिला कोणी वेगळा दिलेला नाही.

दुसरे ठिकाण म्हणजे लीड्सच्या आर्मली भागातले दुकान. जमीनदारपुत्र एडविन फेअरलीपासून दिवस गेल्यावर आणि त्याने हात झटकल्यावर एमा लीड्सला येते, नवरा आरमारात आहे असे सांगून विवाहितेचा मान मिळवते, कॅलिन्स्की या ज्यू कुटुंबाच्या शिवणकामाच्या कारखान्यात काम करते आणि पै-पै जोडत राहते. मग जो लाउदर या भल्या घरमालकाकडून ती दुकानाची जागा भाड्याने घेते. माल कोणता ठेवायचा, कोणत्या गिऱ्हाइकासाठी ठेवायचा, काय घरी बनवायचे आणि काय विकत आणायचे, याचा विचार करणारी आणि दिवसभर गल्ल्यावर उभी राहून रात्री पुन्हा कामाला लागणारी ही मुलगी वाचकाला आपल्या बाजूने ओढून घेते. खाद्यपदार्थांच्या दुकानाचा जम बसला की ती शेजारच्या गाळ्यात शिवणसामानाचे दुकान काढते आणि त्यापुढे तयार कपड्यांकडे वळते. प्रत्येक पाऊल आधीच्या पावलाच्या नफ्यातून टाकलेले असते आणि वाचकाला तो हिशेब जवळजवळ तोंडपाठ होतो. दुकान चालवलेल्या किंवा दुकानदाराच्या घरात वाढलेल्या वाचकांना ही पाने विशेष भिडतात यात नवल नाही. ब्रॅडफर्ड यांचा जन्मही लीड्समध्ये, आर्मली भागातच १९३३ साली झाला होता. त्या वस्तीच्या वर्णनात जी सहजता आहे, ती पुढे लंडन आणि न्यूयॉर्कच्या दिवाणखान्यांत उतरत नाही.

हे सगळे खरोखर घडू शकले असते का, असा प्रश्न काही वाचक विचारतात. त्याचे उत्तर इतिहासात बऱ्याच अंशी सापडते. मायकेल मार्क्स या स्थलांतरित ज्यू तरुणाने १८८४ साली लीड्सच्याच कर्कगेट बाजारात पेनी बझारचा, म्हणजे एका पेनीत वस्तू विकण्याचा ठेला टाकला आणि त्यातून पुढे 'मार्क्स अँड स्पेन्सर' उभे राहिले. इंग्लंडमध्ये विवाहित स्त्रीला स्वतःच्या नावावर मालमत्ता ठेवण्याचा हक्क १८८२ च्या कायद्याने मिळाला होता. पहिल्या महायुद्धात लष्करी गणवेशांच्या कापडाला प्रचंड मागणी आली आणि यॉर्कशरच्या लोकर गिरण्यांनी ती पुरवली; एमाच्या भरभराटीचा युद्धकाळातला टप्पा त्या वस्तुस्थितीला धरून आहे. लहान दुकानातून मोठा व्यापार उभा राहणे त्या शहरात अशक्य नव्हते. एका एकट्या, अल्पशिक्षित तरुणीने ते इतक्या थोड्या वर्षांत आणि इतक्या थोड्या चुका करून साधावे, हे मात्र पचायला जड जाते, आणि या बाबतीत शंका घेणाऱ्या वाचकांशी मी सहमत आहे.

चुका न करणे हीच एमाची खरी अडचण आहे. तिने घेतलेला प्रत्येक व्यवहार फळतो, तिच्या डोळ्यांचे आणि कांतीचे वर्णन दर काही पानांनी नव्याने होते, भेटणारा जवळजवळ प्रत्येक पुरुष तिच्यावर लुब्ध होतो. कपडे, दागिने आणि खोल्यांच्या सजावटीवर लेखिका इतकी रमते, की अनेकांनी ते परिच्छेद सरळ ओलांडल्याचे सांगितले आहे. दुकानाच्या पानांत एमाला निदान थकवा येतो, पैशाची चणचण भासते, मुलगी एडविना दुसऱ्याच्या घरी वाढते याचे शल्य असते. श्रीमंती आल्यावर तिच्या अडचणी केवळ माणसांच्या मृत्यूतून आणि वियोगातून येतात, धंद्यातून जवळजवळ येतच नाहीत. ज्या व्यापाराने कादंबरी उभी केली तोच पुढे पडद्याआड जातो आणि त्याच्या जागी करारांची व समभागांची नुसती बातमी आपल्यापर्यंत पोहोचते.

सुडाच्या कथानकाबद्दलही मतभेद आहेत. फेअरली घराण्यावर एमाने धरलेला डूख वर्षानुवर्षे शमत नाही; ती त्यांच्या गिरण्या गिळते आणि अखेरीस फेअरली हॉल विकत घेऊन जमीनदोस्त करते. घर पाडण्याचा प्रसंग वाचताना काहींना समाधान वाटते, तर काहींना तिची कीव येते. मला हा प्रसंग पुस्तकातल्या सर्वांत प्रामाणिक प्रसंगांपैकी एक वाटतो, कारण इथे लेखिका एमाचे कौतुकही करत नाही आणि तिला शिक्षाही देत नाही. कर्तबगारी आणि कडवटपणा एकाच मुळावर वाढले आहेत हे तिने उघड्यावर ठेवले आहे, आणि वाचकांनी त्यावर वाद घालावा हे योग्यच आहे.

मुलांच्या बाबतीत मात्र लेखिकेने न्याय केलेला नाही. प्रियकर पॉल मॅकगिलपासून झालेली डेझी वगळता एमाची बाकीची मुले लोभी आणि कोती रंगवली आहेत. ज्या आईचे बहुतेक आयुष्य धंद्यात गेले, तिच्याविषयी त्यांच्या मनात काय साचले असेल, याचा ठाव घेणे म्हणजेच एका कुटुंबकथेचे खरे काम होते. आईच्या यशाची किंमत त्यांनीही मोजली आहे, पण त्यांना स्वतःची बाजू मांडायला पाने मिळत नाहीत. घराण्याच्या तीन पिढ्यांची गोष्ट म्हणून पुस्तक हाती घेणाऱ्या वाचकाची इथे निराशा होते आणि ती रास्त आहे. आयरिश गवंडी ब्लॅकी ओनील आणि डेव्हिड कॅलिन्स्की ही मित्रमंडळी सख्ख्या मुलांहून कितीतरी जिवंत उतरली आहेत. या दोघांचीही ओळख एमाच्या कष्टाच्या दिवसांतली आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

मूळ इंग्रजीत वाचणाऱ्यांनी एका गोष्टीची तयारी ठेवावी. गावातली आणि गिरणीतली माणसे यॉर्कशरच्या बोलीत बोलतात आणि ती बोली उच्चारानुसार लिहिलेली आहे. आरंभी अडखळायला होते, पुढे कान सरावतो. एरवी भाषा सोपी, प्रवाही आहे आणि प्रकरणांची लांबी बेताची असल्याने एवढे जाड पुस्तकही धाप लागू देत नाही. १९८४ च्या दूरचित्रवाणी मालिकेत तरुण एमाची भूमिका जेनी सीग्रोव्ह यांनी आणि वृद्ध एमाची डेबोरा कर यांनी केली होती, तर ब्लॅकी झाले होते लिअम नीसन. कथानक आधी कळले तरी चालणाऱ्यांनी मालिका अवश्य पाहावी, पण दुकानाचा हिशेब मनात मुरायचा असेल तर तो पानांतच मुरतो.

पुढच्या भागांबद्दल वाचक नेहमी विचारतात. 'होल्ड द ड्रीम' (१९८५) आणि 'टू बी द बेस्ट' (१९८८) या कादंबऱ्यांत सूत्रे पॉलाच्या हाती येतात आणि कथा वारसदारांच्या आपसांतल्या डावपेचांकडे वळते. घराण्यात काय होते याची उत्सुकता असलेल्यांनी त्या जरूर वाचाव्यात. ज्यांना आर्मलीच्या गल्ल्यामागची एमा आवडली, त्यांनी पहिल्या पुस्तकावर थांबावे, किंवा मग ब्लॅकीच्या तरुणपणावर बेतलेल्या 'अ मॅन ऑफ ऑनर' (२०२१) या पूर्वकथेकडे वळावे.